रुसलेल्या मोहाची सरासरी

श्रावणात, मंगळवारी, ताई कॉलेजला निघाली, पायऱ्या उतरली आणि पायरीवर बसली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. मोहाच्या हंगामाचे आकडे माझ्या लॅपटॉपमध्ये होते. रविवारी ते आम्ही बसून पाहणार होतो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. चंद्रपूरच्या एका कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची. मी रोज बसने जाऊन-येऊन जिल्ह्यातल्याच दुसऱ्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घ्यावेत तितक्यांचं मानधन आणि उन्हाळ्यात घरी. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच होतो. लग्न दोघींनीही केलं नाही. मला कोणी कारण विचारलं तर मी विषय बदलत असे. ताईला विचारलं तर ती म्हणायची, "पाहून गेले तसे काही जण. पण नमुना लहान होता. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाई." विचारणाऱ्या मावशीला यातलं काही कळत नसे, पण पुन्हा विचारायची तिची छातीही होत नसे.

मी वनस्पतिशास्त्र घेतलं त्याचं खरं कारण गणित. ज्या वाटेवर गणित भेटणार नाही अशी एक वाट मी दहावीनंतर शोधली आणि ती पानाफुलांतून जात होती. बरीच वर्षं कोणी अडवलं नाही. मग पीएच.डी.चा आराखडा घेऊन मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण यात स्टॅटिस्टिक्स कुठे आहे?" ज्या पाहुण्याला जन्मभर टाळलं तो पिशवी घेऊन दारात उभा राहावा, तसं मला झालं.

माझा विषय साधा होता. आमच्याकडे मोहाची झाडं शेताच्या बांधावर असतात आणि जंगलात असतात. चैत्राच्या सुमारास पहाटे फुलं गळतात. लोक ती वेचतात, वाळवतात, खातात, विकतात. बांधावरचं झाड जास्त फुलं देतं की जंगलातलं, एवढंच मला मोजायचं होतं.

घाईलाही कारण होतं. माझ्या कॉलेजात एक कायमची जागा निघणार होती. अशी जागा किती काळाने निघते ते तासिकेवरच्या माणसालाच ठाऊक असतं. मुलाखतीच्या दिवशी हातात पीएच.डी. असली तर बाकी अडचण नाही, असं प्राचार्यांनी सुचवलं होतं, आणि ते उगाच सुचवणाऱ्यांतले नव्हते.

स्टॅटिस्टिक्सवर उपायही सरांनीच सांगितला. शहरात एक दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं होतं: प्रबंध टायपिंग, बाइंडिंग, डेटा अ‍ॅनालिसिस. घरात संख्याशास्त्राची प्राध्यापक असून मी आधी तिथे गेले, यावरून आम्हा बहिणींचं नातं ज्याला कळायचं त्याला कळेल. दुकानदार भला माणूस होता. लग्नपत्रिका छापता छापता त्याने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पी कितीचा पायजे मॅडम?"

मला प्रश्न कळला नाही.

"पी व्हॅल्यू," तो म्हणाला. "पॉइंट झिरो पाचच्या खालचा बहुतेकांले चालते. पॉइंट झिरो वनचा पायजे तं दोन दिवस जास्त लागतीन."

घरी येऊन मी हे ताईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिच्या हसण्याने सूप हललं आणि निवडलेला व न निवडलेला तांदूळ एक झाला.

"अन् तू मोजून काय नेलं होतं त्याच्याकडे?"

"काहीच नाही अजून."

"म्हणजे झाडाले फूल नाई अन् तो पी द्यायले तयार आहे. मोठा माणूस दिसते. आमच्या विभागात घेतलं पायजे त्याले."

मग तिने पी म्हणजे काय ते सांगितलं. झाडांत खरा फरक काहीच नसताना, निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी. तो जितका लहान, तितका योगायोगावर ढकलणं अवघड, आणि तितका संशोधक खूश. त्या संध्याकाळपासून ती मला शिकवायला लागली, म्हणजे चिडवायला लागली. या दोन गोष्टी तिच्याकडे वेगळ्या नव्हत्या.

मला वाटलं होतं आता सूत्रं येतील. सूत्रं तिने महिनोन्महिने काढलीच नाहीत. तिने विचारलं, झाडं कशी निवडणार? मी म्हटलं, गावातल्या लोकांना विचारून, रस्त्याजवळची, बरी दिसतील ती. शितावरून भाताची परीक्षा होतेच की.

"पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजतात," ती म्हणाली. "तुझी झाडं कोणत्या पातेल्यात आहेत? तू रस्त्याजवळची मोजशील अन् वर लिहिशील, मोहाचा अभ्यास. तो रस्त्याचा अभ्यास असन."

म्हणून पोंभुर्ण्याकडच्या ज्या गावात मला काम करायचं होतं, तिथल्या सगळ्या मोहांना मी आधी क्रमांक दिले आणि मग लोकांसमोर स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. लोकांना ती भिशी वाटली. त्या गावात जंगलातली झाडंही बेवारस नाहीत. कोणता मोह कोणत्या घराचा हे पिढ्यांपासून ठरलेलं आहे. ज्या घराच्या झाडाची चिठ्ठी निघाली त्या घराच्या माणसांकडे बाकीचे वळून पाहायचे. एका म्हाताऱ्या बाईच्या झाडाचा क्रमांक निघाला. बांधावरचं झाड होतं. ती उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली, "माझा मोह पीएच.डी.ले लागला." एखाद्याचा मुलगा नोकरीला लागावा तसं.

निवडलेल्या प्रत्येक झाडाखाली मी जाळी बांधली. सकाळी जाळीतली फुलं ताणकाट्यावर तोलायची, वजन लिहायचं आणि फुलं त्या घराला परत द्यायची, असा क्रम होता. हंगामभर गावातच खोली घेऊन राहिले. वाघामुळे बाया जंगलात एकेकट्या जात नाहीत. घोळक्याने आणि मोठमोठ्याने बोलत जातात. त्या पुढे निघून जायच्या, मी काटा घेऊन मागून पोचायचे. झाडं पसरलेली आणि मी एकटी, त्यामुळे टोकाच्या जाळीशी जाईपर्यंत ऊन चढलेलं असायचं. जाळी कधी रिकामी नसायची. मला वाटलं, आपल्याला संशोधन जमतंय.

घरी आले तेव्हा ताई परीक्षेच्या पेपरांत बुडालेली होती. म्हणून पुस्तकात पाहून मीच दोन्ही गटांची तुलना केली. बांधावरच्या झाडांची सरासरी जराशी जास्त होती, आणि पी इतका लहान आला की दशांशचिन्हापुढची शून्यं बोट ठेवून मोजावी लागली. त्या दुकानदाराला असा पी करायला महिना लागला असता. सर इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला. "लिहून काढा," ते म्हणाले. "मुलाखतीच्या आत होऊन जाईल सगळं."

रविवारी ताई सांबारवड्यांसाठी सांबार निवडत बसली होती. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. काड्या मोडता मोडता तिने विचारलं, "चित्र काढलं का?"

"कसलं चित्र? पी आलाय."

"पी आला म्हणते. पाव्हणा आहे का तो? चित्र काढ आधी. एका झाडाचा एक ठिपका."

मी काढलं. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काय वो, तुझी झाडं पीटीच्या तासाले उभी आहेत का?"

ठिपके खरंच तसे होते. बांधावरचे एका ओळीत, जंगलातले जरा खाली दुसऱ्या ओळीत, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. ताईने समजावलं की पी नुसत्या दोन सरासऱ्या पाहत नाही. झाडाझाडांत किती फरक आहे, म्हणजे ठिपक्यांचा पसारा किती आहे, तेही तो पाहतो. पसारा मोठा असेल तर सरासऱ्यांतला लहानसा फरक काहीच सांगत नाही. सगळी झाडं सारखीच असली तर तोच लहानसा फरक डोळ्यांत भरतो. माझा पी फुलांमुळे लहान झाला नव्हता, या सारखेपणामुळे झाला होता.

"मोह असा असते का?" तिने विचारलं. "तूच शिकवते ना? सांग."

मोह असा नसतो. एक झाड फुलांनी लहडलेलं असतं आणि त्याच्या शेजारचं नावापुरतं फुलतं. एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो. हे मी वर्गात सांगत आले होते आणि स्वतःच्या आकड्यांसमोर विसरले होते.

मग तिने सांबारावरची नजर न उचलता विचारलं, "घरी बसून तं नाई लिहिले ना?"

मी आत निघून गेले. मी घरातही पुस्तकातल्यासारखी बोलते. ताई म्हणायची, तू भांडतानाही पूर्णविराम देते. त्या वेळी मी पूर्णविरामसुद्धा दिला नाही. त्यानंतर आमचं बोलणं भाजीपुरतंच चाललं. तिच्या प्रश्नाचा राग होताच, पण आतली गोष्ट वेगळी होती. तिला संशय आला तो बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही येणार. मग जागा जाईल, प्रबंधही जाईल, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मोजलं तेच लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं ते खरं असणं शक्य नव्हतं.

एके दिवशी ती कॉलेजात रजेचा अर्ज देऊनच घरी आली. "चल," म्हणाली. "झाडाइलेच विचारू."

गावात आम्ही त्या म्हाताऱ्या बाईकडे गेलो. तिने खाट टाकली, कोरा चहा ठेवला, ताईला निरखलं आणि मला विचारलं, "ह्या तुमच्या मोठ्या बाई का?" ताईने उलटतपासणी केली नाही. चहा प्यायली, ऊन फार आहे म्हणाली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "यंदा कोनाकोनाचा मोह रुसला?"

म्हातारी सांगत गेली. दिराचा रुसला, शाळेमागचा रुसला, जंगलातले तर कितीतरी. "अन् माझा तं पुराच रुसला. फूल नावाले नाई."

"पण तुमच्या जाळीत तर रोज फुलं होती," मी म्हटलं.

"असनच ना. रिकामी कोन ठेवन?"

त्या गावात एक चाल आहे. ज्याचा मोह त्या वर्षी रुसतो त्याच्या टोपलीत बाकीचे येता-जाता ओंजळ टाकतात. पुढे आपला रुसला की तेही टाकतात. याबद्दल कोणी बोलत नाही; बोललं तर ते उपकार झाल्यासारखं होतं. माझ्या जाळ्या म्हणजे त्यांच्या दृष्टीने टोपल्याच होत्या. ज्याची जाळी भरलेली असेल तो तिच्यातूनच ओंजळ उचलायचा आणि वाटेतल्या रिकाम्या जाळीत टाकायचा. बांधावरचे लोक बांधावर, जंगलातल्या बाया आपल्या घोळक्यात. मी काटा घेऊन पोचायच्या आधी हे सगळं उरकलेलं असायचं.

"अन् तुमची परीक्षा होती ना बाई," म्हातारी मला म्हणाली. "वजन कमी भरलं तं तुमाले नापास करतीन, असं आमी समजलो. माझ्या मोहापायी तुमी कायले नापास व्हा?"

ताईने मान खाली घातली होती. हसू दाबताना तिचे खांदे हलायचे. म्हातारीला वाटलं मोठ्या बाईंना रडू आलं. ती लगबगीने पाणी घेऊन आली आणि पाठीवरून हात फिरवत बसली. त्यामुळे ताईला आणखी काही वेळ मान खालीच ठेवावी लागली.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "तू मोहाचं उत्पन्न नाई मोजलं. शेजारधर्म मोजला. अन् बराच बरोबर मोजला."

"मग सगळं चुकलं का?"

"सरासरी नाई चुकली. फुलं इकडची तिकडं गेली, एकूण तेवढीच राह्यली. पसारा मात्र त्याइनं पुसून टाकला. तुझ्या पीले वाटून राह्यलं की तुले लय खात्री आहे. ती खात्री तुही नाई, गावाची आहे."

सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा चष्मा काढला. "तुम्ही आकडे बदलले नाहीत. जे भरलं ते लिहिलं. यात खोटं काय आहे?" त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पुन्हा मोजायचं तर पुढच्या चैत्राची वाट पाहायची, आणि मुलाखत त्याच्या आत होणार होती.

मी ताईला विचारलं, काय करू? एरवी कशावरही मत देणारी ताई या वेळी मत देईना. "मी सांगितलं तं तू ऐकशील," ती म्हणाली, "अन् जागा गेली की जन्मभर माझ्या भाजीत मीठ कमी टाकशील." मग म्हणाली, "अन् गेली तं गेली. माही जागा कायमची आहे ना. एका घराले एक पुरते."

मी पुन्हा मोजायचं ठरवलं. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. परीक्षकाने ते ठिपके पाहिले तर ओंजळींचं न सांगता काय सांगायचं, याचं उत्तर मला रात्रंदिवस शोधूनही सापडत नव्हतं, एवढंच.

पुढच्या हंगामाआधी लोकांशी बोलायला ताई माझ्याबरोबर आली. आधी मी बोलले. मी म्हटलं, कृपा करून यंदा रिकामी जाळी रिकामीच राहू द्यावी. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणाच्या घरी जेवायला बसून वाढू नका म्हणावं तसं ते झालं. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "आपलं काई चुकलं वाटते."

ताई पुढे सरकली. "पोराले ताप आला तं कपाळाले हात लावून पाहता ना?"

"पाहतो."

"आधी ओला फडका ठेवला अन् मंग हात लावला तं?"

"ताप समजन कसा?"

"हिचं तेच होऊन राह्यलं. तुमी फडका ठेवता, मंग ही हात लावते, अन् लिहिते की ताप नाई."

म्हातारी म्हणाली, "म्हणजे बाईले फुलं नाई पायजे. रुसवा पायजे."

"फुलंबी पायजे, रुसवाबी पायजे. ज्याचं जसं असन तसं."

"अन् ज्याचा रुसला तो काय रिकामी टोपली घेऊन घरी जाईन?"

"काऊन जाईन? टाका ना ओंजळ. खुशाल टाका. हिचं वजन झाल्यावर टाका."

"इतकंच होय?" म्हातारी म्हणाली. "मंग यापायी एवढ्या दुरून कायले आल्या? फोन कराचा होता."

त्या वर्षी म्हातारीचा मोह लहडला होता आणि तिच्या दिराचा रुसला होता. मी दिराची जाळी सोडवून काट्याला लावायचे, काटा जेमतेम हलायचा, आणि ती दोन्ही ओंजळी भरून माझ्या शेजारी उभी असायची. "लिहिलं का बाई?" "लिहिते आहे." "लवकर लिहा ना." मी लिहिल्याची खूण केली की ती ओंजळ रिकामी करायची, आणि मागे उभ्या बायाही पुढे व्हायच्या. फुलं हातात फार वेळ धरली की चिकट होतात. मी हळू लिहिते याचा सगळ्या गावाला त्या हंगामात त्रास झाला.

त्याआधी मुलाखत होऊन गेली होती. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. ती हुशार आहे, मला मॅडम म्हणते आणि माझ्या चुकलेल्या बसची चौकशी करते. तिच्यावर रागावायला मला कारण सापडलं नाही.

मोहाचा हंगाम संपला तेव्हा ताईच्या कॉलेजात परीक्षा होत्या, मग प्रवेश सुरू झाले. आकडे रविवारी पाहू, या रविवारी नाही तर पुढच्या, असं होत होत पाऊस लागला आणि श्रावण आला.

ती गेल्यावर घरी बुद्धवंदना झाली. भंतेजी आले, नातेवाईक आले, काही दिवस राहिले, गेले. जाताना मावशी म्हणाली, "आता ते पीएच.डी.चं राहू दे पोरी. कोणासाठी करतेस?" मी विषय बदलला. लॅपटॉप कपाटात होता. कपाटातून रोज दुसरं काहीतरी काढायचे आणि दार लावायचे.

शेवटी आश्विनाच्या उन्हात एका दुपारी कुलर लावून बसले आणि ठिपके काढले. ते जत्रा उठल्यावर लोक पांगावेत तसे पांगलेले होते. पुष्कळसे तळाशी, काही मधे कुठेतरी, एक तर सगळ्यांना सोडून वर. मी मान वळवली आणि "ताई, हे बघ" एवढं बोलूनही गेले.

कोणती चाचणी लावायची हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. आकडे आले की तेच सांगतील, म्हणायची. आकडे काही सांगेनात. पुस्तकातल्या नेहमीच्या पद्धतीला मधे फुगलेले आणि दोन्हीकडे सारखे उतरलेले ठिपके लागतात. माझे सगळे एका बाजूला कललेले. तो वरचा एकटा ठिपका काढून टाकला तर चित्र सुधारत होतं. तांदूळ निवडताना ताई म्हणायची की पांढरा दिसला म्हणून तांदूळ नाही आणि काळा दिसला म्हणून खडा नाही, दाताखाली येण्याआधी बोटाने पाहावा. मी गावात फोन केला. झाडाचा क्रमांक सांगून विचारलं, वजन लिहिण्यात माझी चूक झाली असेल का. पलीकडून म्हातारी म्हणाली, "चूक कायची? तोच तं माझा मोह." ठिपका राहिला.

बरेच दिवस वाचून एक पद्धत सापडली. वजनं बाजूला ठेवायची, सगळी झाडं कमीपासून जास्तपर्यंत एका रांगेत लावायची आणि पाहायचं की बांधावरची रांगेत कुठे येतात, जंगलातली कुठे येतात. मग एकट्या लहडलेल्या झाडाचा जोर चालत नाही. ते फक्त रांगेतलं शेवटचं. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी एकटीच हसले. मला कुणी न चिडवता कळलेली संख्याशास्त्रातली ती पहिली गोष्ट होती.

बांधावरची झाडं या वेळीही किंचित पुढे होती. पण पी मोठा आला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा मोठाच आला. फरक आहे असं म्हणता येत नव्हतं. नाही असंही म्हणता येत नव्हतं. सर म्हणाले, "सांगता येत नाही, हा निष्कर्ष कसा लिहायचा?" मी तो तसाच लिहिला, आणि पहिल्या हंगामाचं एक प्रकरण त्याच्याआधी ठेवलं, ओंजळींसकट. बाइंडिंगला त्या दुकानात गेले. दुकानदाराने पानं चाळली आणि हळहळून म्हणाला, "पी मोठाच राह्यला मॅडम. आधी सांगितलं असतं तं काई केलं असतं."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कमी बोलणारे होते. त्यांनी दोन्ही हंगामांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "हे पहिल्या हंगामाचं प्रकरण ठेवलंत कशाला? वगळलं असतं तर कोणाला कळलं असतं?"

"माझ्या बहिणीला," मी म्हटलं.

"त्या या विषयातल्या आहेत का?"

"हो."

"कुठे असतात?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. सर खिडकीबाहेर पाहत होते. निकाल सांगून झाल्यावर त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि माझ्यापुढचा कप स्वतः सरकवला.

पदवी मिळाली. मी अजून तासिकेवर आहे आणि पुढची जागा कधी निघेल ते कोणाला माहीत नाही. बांधावरचा मोह जास्त देतो की जंगलातला, हे मला अजून सांगता येत नाही. दोन हंगाम त्याला पुरे पडत नाहीत, म्हणून चैत्रात मी त्या गावी जाते, वजनं घेऊन येते आणि ठिपके काढते. घरात ते पाहणारी मी एकटी आहे.